घरात कोण कोण

शाळेच्या कार्यालयाबाहेर आर्नेटाने लेकीची कॉलर सरळ केली आणि पुन्हा बजावलं, "घरात कोण कोण असतं, असं विचारतील. आई, क्लाइडमामा आणि मी. बस्स. आजीचं नाव काढायचं नाही."

"पण आजी..."

"टॉनेट!"

मागच्या वेळी याच प्रश्नाला टॉनेटने आजीचंही नाव घेतलं होतं. आजी तर गेल्या हिवाळ्यातच वारलेली. मुलांची बुद्धी तपासणाऱ्या बाईंनी लिहिलं, मुलीला जिवंत कोण, मेलेलं कोण, हे कळत नाही. झालं! मंदबुद्धी मुलांच्या वर्गात तिची रवानगी ठरली. शिकागोच्या आमच्या भागातली काळी पोरं त्या वर्गात जात ती सहसा परत येत नसत. आर्नेटाचा धाकटा भाऊ क्लाइड त्यातलाच.

फेरतपासणी मिळवली होती डॉक्टर क्वाबेनाने. तो मानसशास्त्राचा प्राध्यापक, जाडजूड पुस्तकांचा लेखक. गल्लीत मात्र अजून बेसीचा पोरगा लेनर्डच. रंगीत घोळदार सदरा सावरत तो धापा टाकत जिना चढून आला.

"तुझ्यापायीच झालं हे," आर्नेटा फणकारली. "दर शनिवारी पोरं जमवतोस, मेलेलेही आपल्यातच असतात म्हणून आफ्रिकेच्या रीतीने कुंडीत पाणी ओतून त्यांना हाका मारायला लावतोस. घे आता! आफ्रिकेत जाऊन नाव बदलून आलास, लेनर्ड, तुझं काय जातंय? पोर माझी आहे."

"ताई, तिने खोटं काय सांगितलं?"

"खरं-खोटं तुझ्या पुस्तकात ठेव. आत तोंड उघडायचं नाही."

त्याने मान हलवली. ती बोलली ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

आत तपासणाऱ्या बाई गोड हसल्या. "सांग बाळ, घरात कोण कोण असतं?"

"आई. क्लाइडमामा. मी."

"आणखी कोणी?"

टॉनेटने आईकडे पाहिलं. पोरीचे डोळे भरून आले. "कोणी नाही."

"शाब्बास!" बाईंनी लेखणी उचलली. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर सगळं सुखरूप पार पडलं असतं. पण त्यांना खात्री करून घ्यायची होती. "म्हणजे आजी आता नाही. म्हण बघू, आजी कुठेच नाही."

टॉनेटने ओठ घट्ट मिटून घेतले. क्वाबेनाने खुर्चीचे हात आवळले. पण उठली आर्नेटा.

"ती म्हणणार नाही."

"अहो, पण तिला समजायला हवं..."

"मेली ते समजतं आम्हाला. पुरलंय मी तिला. पण ती कुठेच नाही, हे माझ्या पोरीच्या तोंडून वदवून घेणाऱ्या तुम्ही कोण? लिहा. आई, क्लाइडमामा, मी आणि आजी. आजीचं नाव लुव्हीनिया. नीट लिहा."

बाईंची लेखणी थबकली. "असं लिहिलं तर हिला त्याच वर्गात बसावं लागेल. कळतंय ना तुम्हाला?"

"नाही कळत," आर्नेटाने लेकीला जवळ ओढलं. "मलाही बसवा तिथेच. फक्त बाक जरा मोठा आणा."

"दोन आणा," डॉक्टर क्वाबेना म्हणाला.