पहिली रांग

ओहायोतल्या ज्या कम्युनिटी कॉलेजात बाबांनी बावीस वर्षं वेल्डिंग शिकवलं, तिथेच त्यांची शोकसभा होती. पहिल्या रांगेत त्यांचे विद्यार्थी होते, त्यांच्यासारखेच बहिरे.

"इथे कुणालाही वगळायचं नाही, हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो," प्राचार्य व्हिटलॉक माइकवर सांगत होते.

बाबांची लाडकी विद्यार्थिनी लॉर्ना माझ्याकडे वळली आणि हातांच्या खुणांनी म्हणाली, "हा बोलतोय, की च्युइंगगम चघळतोय?"

मी उठले आणि कार्यक्रमाची सगळी व्यवस्था बघणाऱ्या ग्लेंडाला गाठलं. "खुणांच्या भाषेचा दुभाषी कुठाय?"

तिने जीभ चावली. "अगं, बोलवायचं राहूनच गेलं! दर वेळी तुझे बाबाच आठवण करून द्यायचे ना."