पन्नास किलोच्या आत

काट्यावर आकडा उमटला, पन्नास किलो चारशे ग्रॅम. तुंगा उतरली, पुन्हा चढली. चारशेच.

"सारखं चढउतार करून काट्याला दया येणार आहे काय?" गिरिजाबाई म्हणाल्या.

दुपारचा एक वाजला होता. शहरातल्या गोकुलम भागातल्या त्या वेलनेस सेंटरात गिरिजाबाई पाहुण्यांना टॉवेल द्यायच्या, लाकडी बाक पुसायच्या. एक ते तीन सेंटर बंद. तेवढ्या वेळात मुलीला घाम काढू दे, असं मॅनेजर मोठ्या मनानं म्हणाला होता. चार वाजता दसऱ्याच्या कुस्त्यांसाठी वजनं व्हायची होती. पन्नासच्या वर गेलं की घरी. गेल्या वर्षी दोनशे ग्रॅमसाठी तुंगाला परत पाठवलं, तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती. आणि पोरीचं हे कुस्तीचं वेड एकदाचं सुटेल म्हणून गिरिजाबाईंनी गुपचूप देवापुढे साखर ठेवली होती.

तुंगा आधी वाफेच्या खोलीत शिरली. नीलगिरीच्या वासानं डोळे झोंबले. वीस मिनिटांनी लालबुंद होऊन बाहेर आली आणि काट्यावर उभी राहिली. चारशे पन्नास.

"वाढलं कसं?"

तिनं स्वतःची वेणी हातात घेतली. कमरेपर्यंतची वेणी तेलानं आणि पाण्यानं ओल्या दोरखंडासारखी जड झाली होती.

"आई, सकाळी किती तेल घातलंस?"

"एवढ्या आगीत बसणार तू. उष्णता डोक्यात चढते. वाटीभर एरंडेल जिरवलं, दुसरं काय. आपल्यात मोठ्या दिवशी घालतातच की."

"मुद्दाम घातलंस ना?"

पहाटे हात वाटीकडे दुसऱ्यांदा का गेला, हे गिरिजाबाईंनाही सांगता आलं नसतं.

त्यांनी तिला ओढतच नळाखाली बसवलं. शिकेकाईनं दोनदा केस धुतले, पाहुण्यांचे चार टॉवेल घेऊन पिळून काढले. मग कोरड्या खोलीत नेलं. तिथं शेगडीवर दगड तापलेले, भिंतीवरच्या तापमापकाचा काटा नव्वद अंशांवर. दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, अंगावर धातू ठेवू नका, असं गेली चार वर्षं पाहुण्यांना बजावणाऱ्या गिरिजाबाई साडी नेसून, मंगळसूत्र पदरात गुंडाळून लेकीशेजारी बसल्या आणि तिचे केस पसरून टॉवेलनं वारा घालत राहिल्या.



पन्नास दोनशे. तुंगा लगेच अंग तापवणाऱ्या लाल दिव्यांच्या खोलीत गेली. बसवेना म्हणून आतच येरझाऱ्या घालत राहिली. पन्नास शंभर.

राहिली लाकडी पेटी. आत वाफ, वरच्या भोकातून फक्त डोकं बाहेर. केस तरी कोरडे राहतील. दाराला कडी बाहेरून. गिरिजाबाई समोर स्टूल घेऊन बसल्या, तिच्या कपाळावरचा घाम टिपत. पाच मिनिटं. दहा. तुंगाचे ओठ पांढरे पडले.

"साकु आता. पुरे. ओठ बघ कसे झालेत."

"कडी काढू नकोस."

"चक्कर येऊन पडलीस तर?"

"या पेटीत पडायला जागा कुठं आहे? आई, कडी काढलीस तर मी पुन्हा तुझ्याशी बोलणार नाही."

गिरिजाबाईंचा हात कडीवर गेला होता. तो त्यांनी दुसऱ्या हातानं धरून ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. बाराव्या मिनिटाला तुंगानंच मान हलवली.

नेमके पन्नास.

"हा आपला काटा," तुंगा कोरड्या घशानं म्हणाली. "तिथला काय म्हणतो कोण जाणे."

रिक्षात ती थुंकी गिळत नव्हती, रुमालात थुंकत होती. सिग्नलला शहाळेवाला आला. दोघींनी दोन बाजूंना बघितलं.

वजनाच्या हॉलमध्ये मुलींची रांग होती. घरच्यांनी भिंतीजवळच्या बाकावर बसायचं. तुंगा चपला काढून, हातातला काळा दोरासुद्धा तोडून काट्यावर चढली. आकडे ठरेनात. पन्नास शंभर, एकोणपन्नास नऊशे, पुन्हा पन्नास शंभर. वही घेतलेला माणूस वाकला. तुंगानं श्वास सोडला आणि तशीच थांबली.

"ऐवत्तु," तो कानडीत म्हणाला, "पन्नास. सरी, इळी, उतर खाली," आणि त्यानं वहीत नाव लिहिलं.

ती उतरली. वळून तिनं आईला शोधलं.

गिरिजाबाई बाकावर डोळे गच्च मिटून बसल्या होत्या. दोन्ही पाय जमिनीवरून उचलून धरलेले.