घरचं पोतं

पोरं निघताना सुभद्राबाईंनी त्यांच्या सामानात घरातलं जुनं पोतं कोंबलं. "कुत्र्यायले घरचा वास राहू दे." वर्षभर मुलगा धवल, सून निवेदिता आणि दोन कुत्री पोर्तुगालपासून ग्रीसपर्यंत रमतगमत हिंडली, जिथं मुक्काम, तिथं ते पोतं. कालच सगळी गावी, वरवटला परतली. सुभद्राबाई मात्र रुसलेल्याच. "कुत्री सोबत नेली, माय राह्यली घरी!" पुटपुटत त्या पोतं धुवायला निघाल्या अन् थबकल्या. घरचा वास पार गेला होता. "हा कायचा वास येऊन राह्यला?" "समुद्राचा, आई," धवल म्हणाला. समुद्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पोतं त्यांनी कोरडंच ओसरीत अंथरलं. कुत्री गोल फिरून त्यावर पसरली. मग सुभद्राबाईही पोत्याला नाक लावून कलंडल्या, डोळे मिटले. थोड्या वेळानं धवलनं हाक दिली, "आई, चहा!" "ठेव तिथंच. मी अजून पोचली नाही."