पिशवी लावण्याआधी

"बाई, तुम्ही नका सांगू. त्यांना स्वतःला सांगू द्या," समीक्षा सिस्टर म्हणाली आणि रक्ताची पिशवी हातात तशीच धरून उभी राहिली.

खाटेवरच्या माणसाने सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. पोटातल्या अल्सरमधून रक्त जाऊन जाऊन तो पांढराफटक पडला होता. बायकोकडे बघत तो हळूच म्हणाला, "बजरंग."

"पूर्ण नाव?"

"बजरंग शेषेराव डिगोळे, रेणापूर!" केवळाबाईनेच झटक्यात सांगून टाकलं. "किती येळा इचारताव, सिस्टर? सकाळधरनं सांगून सांगून माझी जीभ झिजली की."

बाई फटकळ होती, पण समीक्षाला ती आवडली होती. एरवी खेड्यातून आलेल्या बायका अशा वेळी तोंडाला पदर लावतात, शेजारणीला कोपर मारतात आणि सिस्टरचा जीव खातात. ही विचारलं की घडाघडा सांगत होती. वेळ वाचत होता.

"जीभ झिजली तरी चालेल, पण पिशवी चुकायला नको," समीक्षा म्हणाली.

लातूरच्या त्या दवाखान्यात समीक्षाला सगळे चिकट म्हणत. रक्त लावायचं असलं की ती कुणाचंच ऐकायची नाही. आताही तिने करिश्मा सिस्टरला पलीकडच्या वॉर्डातून हाक मारून आणलं. करिश्माने पिशवीवरचं मोठ्याने वाचलं, समीक्षाने पेशंटच्या मनगटावरची पट्टी ताडून पाहिली. नाव जुळलं, नंबर जुळला, ग्रुपही जुळला. समीक्षाने मोफत उपचाराच्या योजनेचं कार्डसुद्धा उलटून पाहिलं. फोटोत माणूस चांगला तजेलदार होता. दुखणं आणि शेतातलं ऊन माणसाला वयाआधीच पिकवतं, असं म्हणून तिने कार्ड परत दिलं आणि पिशवी लावली.

थेंब हळूहळू पडू लागले. समीक्षा स्टूल ओढून खाटेशी बसली.

"आता कशापायी बसलाव?" केवळाबाई म्हणाली. "जावा की दुसऱ्या पेशंटकडं. मी हाय हितं."

"सुरुवातीला आम्ही हलत नसतो. रक्त चुकीचं असलं तर थोडं गेलं की लगेच कळतं. पिशवी संपल्यावर कळून काय उपयोग?"

केवळाबाईने एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. खाटेची चादर विनाकारण नीट केली, पुन्हा विस्कटली.

"एवढ्या घामाघूम का झालात?"

"मला रक्त बघवत न्हाई वो."

हे ऐकून समीक्षाला तिची दया आली. आपण बाईला उगीच धाक घातला, असं वाटलं. ती पेशंटच्या नाडीवर बोट ठेवून बसून राहिली.

तेवढ्यात पेशंट चुळबुळ करायला लागला. एक पाय वर घेतला, खाली टाकला. मान इकडून तिकडे फिरवली.

"काय होतंय, दादा?"

"काय की. कसंतरीच व्हायलंय. कंबर लई दुखायली."

"निजून निजून आखडली आसंल," केवळाबाई घाईने म्हणाली.

समीक्षाने त्याच्या कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या हाताने रक्त बंद केलं. तोवर त्याला हुडहुडी भरली होती. दात दातांवर वाजत होते. तिने पिशवी नळीसकट काढली, नव्या नळीने सलाईन जोडलं आणि करिश्माला डॉक्टरांकडे पिटाळलं.

डॉक्टर संगमेश धावतच आले. त्यांनी पेशंटला तपासलं, इंजेक्शनं दिली, पिशवीवरचा कागद स्वतः वाचला आणि रक्तपेढीला फोन लावला. पलीकडून काय सांगतात ते ऐकताना त्यांच्या कपाळावरची आठी मोडेना.

"सकाळी खाली घेतलेला नमुना त्यांनी पुन्हा तपासला," फोन ठेवत ते म्हणाले. "ग्रुप तोच. नाव तेच. आपली काही चूक नाही, सिस्टर."

"मग हे काय, सर?"

"त्या पिशवीतच काही बिघाड असेल. नव्याने नमुना घेऊन तपासायला वेळ नाही. दुसरी पाठवताहेत, ती अगदी हळू लावा." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "रक्त तर द्यावंच लागणार. नाही दिलं तर हा संध्याकाळ बघायचा नाही."

चूक सापडली असती तर ती दुरुस्त करता आली असती. इथे सगळं अक्षर न अक्षर बरोबर होतं आणि माणूस हातातून निसटत होता. काय हुकलं असेल ते समीक्षाला कळेना, आणि काहीच हुकलं नाही हे तिच्या मनाला पटेना.

करिश्मा दुसरी पिशवी घेऊन आली. समीक्षाने ती हातात घेतली आणि पेशंटकडे पाहिलं. त्याचे डोळे वर चढायला लागले होते.

"बाई, हाका मारा त्यांना! झोपू देऊ नका!"

केवळाबाई नवऱ्याच्या कानाशी वाकली. "आवो... आवो, बघा की हिकडं..."

"आवो नको, नाव घेऊन हाक मारा! आपलं नाव ऐकलं की माणूस शुद्धीवर येतो."

केवळाबाईचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिने पदर तोंडाशी नेला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण शब्द काही फुटेना.

"अहो, जीव चाललाय त्यांचा!" समीक्षा ओरडली. "सकाळपासून बजरंग बजरंग करताय, आणि आत्ताच दातखीळ बसली?"

केवळाबाई मटकन खाली बसली.

"ते माझ्या दिराचं नाव हाय, सिस्टर. कार्ड त्येंचं हाय... खाली तपासाया रक्तबी त्येंनीच दिलंय."