पाणी कुठं गेलं

माती ओली होती. प्रियदर्शनीला ते दारातूनच दिसलं आणि खांद्यावरची सॅक उतरवायचंही तिला सुचेना.

कर्वेनगरातल्या त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळ, चार फूट उंचीची एक आरपार दिसणारी नळी उभी होती. तिच्यात काश्मीरच्या थंड डोंगरावरची, देवदारांखालची माती होती, जशीच्या तशी कापून आणलेली. वर पानं कुजून झालेला काळपट थर, खाली नुसतं पिवळसर पीठ, औषधाला खडा नाही. प्रियदर्शनीने ती चार महिने वाळवली होती. आज अकरा वाजता मार्गदर्शक सरांसमोर तिच्यात पहिल्यांदा पाणी सोडायचं आणि किती वेळात ते किती खाली उतरतं ते टिपायचं, असं ठरलं होतं. पहिल्यांदा म्हणजे एकदाच. ही माती एकदा भिजली की खाली बसते. मग कितीही वाळवा, पूर्वीसारखी होत नाही. आणि जंगलात खोदायची परवानगीही एकदाच मिळाली होती.

आता वाजले होते नऊ. ओल नळीच्या अर्ध्याच्याही खाली गेली होती आणि वरून माती चांगली दोन बोटं बसली होती.

"मथुरामावशी!"

मथुराबाई फडकं पिळत आल्या. त्या शिवणे गावच्या. गाव शहरात गेलं, रानात सोसायटी उभी राहिली आणि त्या इथे झाडू-पोछ्याला लागल्या, त्यालाही सात वर्षं झाली होती.

"यात पाणी कोणी घातलं?"

"म्या."

"पाटी दिसली नाही तुम्हाला? 'हात लावू नये' लिहिलंय!"

"हात कुटं लावला? तांब्यानं वरनं वतलं."

पाटी प्रियदर्शनीनेच लिहिली होती. पुण्याच्या रीतीप्रमाणे ठसठशीत अक्षरात, खाली दोन रेघा मारून. पाण्याबद्दल मात्र तीत अवाक्षर नव्हतं. ती स्टुलावर मटकन बसली. संशोधनाची दोन वर्षं पाण्यात गेली होती, आणि तीही दुसऱ्याच्या हाताने.

"पण का, मावशी?"

"चार म्हैनं बघतीया. रोज झाडताना नजर जायाची. एवढ्या लांबनं माती आनायची आन् तिला तानेली ठिवायची? वाटलं, तुमी इसरला."

"बरं, एक तांब्या घातलात. मग थांबायचं तरी!"

"थांबनारच व्हते." मथुराबाई नळीपाशी गेल्या. आता त्यांच्या आवाजात काही वेगळंच होतं. "पर ताई, पानी कुटं गेलं त्येच कळंना! आमच्या काळ्या रानात तांब्या वतला तर आदी वर तळं, मग चिखुल. वाळलं की ह्या एवढाल्या भेगा. हितं तळं न्हाई, चिखुल न्हाई. सरळ खाली. म्हनलं, जातंय तरी कुटवर? म्हून ओल थांबली तितं खडूनं रेघ मारली. आन् मग दुसरा वतला."

प्रियदर्शनीने मान वर केली. नळीवर खरंच तीन रेघा होत्या. मघाच्या भीतीत तिला त्या दिसल्याच नव्हत्या. जवळजवळ वीत-वीत अंतरावर, पांढऱ्या, थोड्या तिरप्या.

"वेळ?" तिने विचारलं. "वेळ बघितली होती?"

"भितीवर घड्याळ हाय की. सव्वासातला पैला वतला. इकडं झाडून झालं, पंधरा मिन्टात ओल हितं. साडेसातला दुसरा. त्याला पंचवीस मिन्टं लागली. तिसरा आठला वतला, त्यो पिवळ्यात शिरला आन् दमानं चालला. पावनेनवापतुर."

"पंचेचाळीस मिनिटं?"

"बगतच व्हते. लादी तशीच ऱ्हायली."

प्रियदर्शनी उठली. मथुराबाईंचा तांब्या तिने काठोकाठ भरला आणि मोजपात्रात ओतला. सातशे मिली, वर थोडंसं. पुन्हा भरला, पुन्हा ओतला. तेवढंच. मग पट्टी लावून तिन्ही रेघा मोजल्या. पाणी किती, वेळ किती, खोली किती, तिन्ही हाताशी होतं.

"ही माती मूळची त्या डोंगरावरची नाही, मावशी," ती मोजता मोजता म्हणाली. "वाऱ्याने आणून टाकलेली आहे. हजारो वर्षं, चिमूट चिमूट. म्हणून इतकी सारखी, इतकी पोकळ."

"वाऱ्यानं? चार फूट?"

"काही ठिकाणी पन्नास फूट."

मथुराबाई नळीकडे बघतच राहिल्या. त्यांच्या रानात हातभर खाली मुरूम लागायचा.

प्रियदर्शनीने टेबलावरून नोंदीचा कागद ओढला. वेळा लिहिल्या, अंतरं लिहिली. मग पेन थांबलं. "मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा."

मथुराबाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. गेल्या वर्षी काचेचं भांडं फुटलं तेव्हा शिपाई रामदासचंही आधी पूर्ण नावच लिहून घेतलं होतं. पुढच्या आठवड्यात त्याच्या जागी दुसरा माणूस आला. त्यांनी पदर सारखा केला.

"मथुराबाई संभाजी धावडे."

कागदावर 'निरीक्षक' या शब्दापुढे प्रियदर्शनीचं नाव छापलेलं होतं. तिने ते एका रेघेने खोडलं आणि त्याच्यावर, अक्षर नीट लागेल असं, मथुराबाईंचं नाव लिहिलं. पलीकडे उभ्या मथुराबाईंना एवढंच दिसलं, की काहीतरी खोडलं.

"उद्यापासनं येऊ नगं म्हनायचं आसंल तर म्हना," त्या म्हणाल्या. "माजी चूक हाय. पर जायच्या आदी येक सांगा, ताई. ह्ये पानी खालनं बाहेर कवा येनार?"

प्रियदर्शनीने घड्याळाकडे पाहिलं आणि खडू त्यांच्या हातात दिला.

"मलाही माहीत नाही. चौथा तांब्या भरून आणा."