बावीस पायऱ्या

नोव्हेंबरपासून हेस्टर रॅग वरच्या मजल्यावरून खाली उतरली नव्हती. दीडशे वर्षांपूर्वी यॉर्कशरमधल्या एका लोकर गिरणीच्या मालकानं हे घर बांधलं, तेव्हा पाहुण्यांचे डोळे दिपावेत म्हणून त्यानं ओकचा कोरीव जिना करून घेतला होता. एक्क्याऐंशी वर्षांच्या हेस्टरला आता त्याच्या बावीस पायऱ्या झेपत नव्हत्या. खिडकीच्या रंगीत काचांतून तिला खालची बाग कधी लाल दिसे, कधी निळी. हिरवी काच त्यात नव्हतीच.

तिची देखभाल करणारी डेनिस एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात नगरपालिकेचं पत्र घेऊन तणतणत वर आली.

“नाही म्हणतायत, मिसेस रॅग! जिन्याला सरकती खुर्ची बसवायची नाही. ऐतिहासिक जिना आहे म्हणे, एक खिळासुद्धा ठोकायचा नाही!”

हेस्टरनं तिच्या हातातून चहाचा कप घेतला.

“चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी दारोदार हिंडून सह्या गोळा केल्या आणि हे घर जपायच्या जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीत घालायला लावलं, असं लिहिलंय यात. कोण गाढव होतं हो ते?”

हेस्टरनं चहाचा एक घोट घेतला.



“होती एक. तेव्हा गुडघे धड होते तिचे.”