धक्का स्टार्ट

समजा, आज तुमची स्कॉलरशिपची परीक्षा आहे आणि लकडगंजच्या चौकात तुमच्या बाबांची गाडी बंद पडली. प्रणालीचं अगदी तसंच झालं.

"काय झालं भाऊ?" एक ऑटोवाला धावत आला.

"पोरीचा पेपर हाय गा, उशीर होऊन राहिला." बाबा रडकुंडीला आले होते.

"दुसरा गिअर टाका, मी मांगून लोटतो."

त्यानं सगळा जोर लावला आणि गाडी सुरू झाली. "आता थांबू नका, नाहीतर पुन्हा बंद पडन!" तो ओरडला.

प्रणालीनं वळून पाहिलं. तो परत जाऊन आपला बंद पडलेला ऑटो, आतल्या म्हातारीसकट, एकटाच लोटत होता.

"बाबा, गाडी बाजूले घ्या, पण इंजिन बंद नका करू!" प्रणालीनं परीक्षेचं पॅड सीटवर टाकलं आणि ती मागे धावली.